वादीची साक्षीदार क्रमांक दोन

बाजारात बांगडा चांगला आलाय, एवढंसुद्धा आमच्या शेजारच्या दामूअण्णांना सांगायची सोय नाही. ते हातातली पिशवी खाली ठेवून विचारतात, "तू डोळ्यांनी बघितलंस, की कोणी सांगितलंन?" कोणी सांगितलं असेल तर बांगडा बाद. ऐकीव गोष्ट पुराव्यात धरत नाहीत. मग त्या दिवशी अण्णा वांग्याची भाजी खातात, पण शिस्त मोडत नाहीत.

अण्णा काही वकील नव्हेत. आयुष्यभर गॅरेजात गाड्या दुरुस्त केल्या. कायदा त्यांना वसंतानं शिकवला. वसंता हा त्यांचा चुलतभाऊ. दोघांच्या बागांमध्ये जांभ्या दगडांचा गडगा होता. तो ढासळला तेव्हा वसंतानं पुन्हा रचला आणि रचताना दीड हात अलीकडे सरकवला. तेवढ्यानं अण्णांचं रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड पलीकडे गेलं. अण्णांनी अतिक्रमणाचा दावा लावला.

तेव्हापासून घराचंच कोर्ट झालं. अण्णांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, "आमटीत मीठ घातलंय." अण्णा विचारायचे, "कोणासमोर?" मागचं दार लावलं म्हणाल्या, तर स्वतः उठून कडी बघून यायचे. मी हसायचो. वहिनीही हसायच्या, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गंमत अशी, की दाव्यात साक्षीला माणूस मिळेना. सगळेच दोघांचे भाऊबंद, वाकडेपणा कोण घेणार? शेवटी वकिलांनी वहिनींनाच उभं केलं. अण्णांनी आठवडाभर त्यांच्याकडून घोकून घेतलं, आणि "ही घोटाळा करणार" असा निकालही आधीच देऊन टाकला.

मी त्या दिवशी कोर्टात होतो. समोरच्या वकिलांनी विचारलं, गडगा झाडाच्या पलीकडे होता हे कशावरून? घोकलेलं सगळं वहिनी विसरल्या. म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून दर मे महिन्यात त्या झाडाचे रातांबे मीच काढतंय. खाली पडलेले गोळा करताना मला गडगा कधी ओलांडायला लागला नाय." न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. दावा अण्णा जिंकले.

वसंतानं जिल्हा न्यायालयात अपील केलं. तारखा पडत राहिल्या, आणि मध्येच वहिनी गेल्या.

यंदा वसंता माझ्या पडवीत येऊन बसला. "गडगा होता तिथं नेतो. झाड त्याचं. फक्त तडजोड करून खालचा निकाल रद्द करून घेऊ. माझ्या नावावर अतिक्रमण नको." अण्णांचे वकीलही म्हणाले, घेऊन टाका. अपिलात सगळा पुरावा नव्यानं तपासता येतो. बायको नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार, असं वरच्या कोर्टाला वाटलं तर झाडही जाईल.

अण्णा नाही म्हणाले. मला खरंच राग आला. एवढा हटवादीपणा कशासाठी, हे विचारायला मी त्यांच्या घरी गेलो.

"वरचं कोर्ट कागद वाचणार," अण्णा शांतपणे म्हणाले. "ती बोलत असताना तिला बघितलंन ते खालच्या कोर्टानं. ते सहजासहजी खोडता येत नाय."

"पण अण्णा, झाड मिळतंय ना?"

त्यांनी निकालाची नक्कल काढली. पान शोधावं लागलं नाही. एका ओळीवर बोट ठेवून मला वाचायला लावलं. 'साक्षीदार क्रमांक दोन हिची साक्ष सरळ व विश्वासार्ह असून तिच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण दिसत नाही.'

"छातीत दुखतंय म्हणाली," अण्णा म्हणाले, "तर मी विचारत बसलो, कधीपासून? डावीकडे की मधे? मग सकाळी का नाय बोललीस?" त्यांनी चष्मा काढून निकालाच्या नकलेवर ठेवला. "झाड जाऊ दे वसंताकडे. तिचं खरं हाय असं कोणीतरी एकदा लिहिलंन. ते रद्द करा म्हणून मी सही करू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. वसंताला मी एवढंच सांगितलं, की अण्णा तयार नाहीत.