टेओफिलच्या खिशातली टिव् टिव्

फादर विन्सेंटी घराला आशीर्वाद द्यायला येणार, नेमक्या त्याच दिवशी ओटिलियाच्या स्वयंपाकघरातली भिंतीवरची पांढरी डबी बोलायला लागली.

"टिव्!"

ओटिलिया टेबलावरच्या पांढऱ्या चादरीला इस्त्री करत होती. नाताळ उलटला की फादर घरोघर फिरतात, आणि ते येणार म्हटलं की पोलंडमधल्या बितोम या खाणींच्या गावातल्या बायका घरं अशी घासतात की पुढं पवित्र पाणी शिंपडायची गरजच उरू नये. त्यात मागच्या वर्षी फादरांनी समोरच्या गेर्ट्रूडाकडे दोनदा कॉफी घेतली होती आणि ओटिलियाकडे एकदाच. ते शल्य वर्षभर सलत होतं.

"टेओफिल, तुझी डबी रडतेय बघ."

"माझी कुठली? तुझ्या जावयानं बसवलीये."

"बिघडली की माझा जावई, आणि चालत होती तेव्हा आपला जावई!"

डबी कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी होती. घरात कोळशाची शेगडी, न्हाणीघरात गॅसचा बंब. विषारी वायू ना दिसतो ना त्याला वास येतो, म्हणून जावयानं ती आणून लावली होती. टेओफिलनं जन्म कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन म्हणून काढला होता. त्यानं चष्मा न लावताच निदान केलं.

"सेल संपलेत. एवढं काय त्यात!"

तो दुकानात जाऊन नवे सेल घेऊन आला. बसवले. डबीनं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाली, "टिव्!"

"सेल शिळे दिसतात," टेओफिल म्हणाला.

"सेल शिळे असतात? पाव आहेत का ते?"

वैतागून त्यानं सेल काढून टेबलावर ठेवले. आता डबीच्या पोटात काहीच नव्हतं. दोघंही तिच्याकडे बघत उभे राहिले.

"टिव्!"

ओटिलिया दोन पावलं मागं सरली. "मेली तरी बोलतेय! हे काही बरं लक्षण नाही." आणि फादरांसाठी वाटीत काढून ठेवलेलं पवित्र पाणी तिनं थेंबभर डबीवर शिंपडलं.

"अगं, विजेच्या वस्तूवर पाणी टाकतेस? आत थोडी वीज साठून राहते, ती संपली की होईल गप्प."

"संपेल कधी?"

"संपेल तेव्हा."

तोवर त्यानं डबी रजईत गुंडाळली. रजई चिवचिवायला लागली. कपाटात कोंबली, कपाट चिवचिवायला लागलं. शेवटी आंबवलेल्या कोबीच्या रिकाम्या बरणीत घालून झाकण लावलं, तर आवाज असा घुमायला लागला की जणू चर्चमधल्या ऑर्गनला उचकी लागलीय. टेओफिल डबी बाहेर काढतो न काढतो तोच दाराची घंटी वाजली. पाहुणा दारात, डबी हातात. टेओफिलनं काय करावं? ती कोटाच्या आतल्या खिशात सारली, छातीशी, आणि हात जोडून उभा राहिला.

फादर विन्सेंटी आत आले. थकलेले दिसत होते, कपाळ चोळत होते. मेणबत्त्या लागल्या, प्रार्थना सुरू झाली.

"परमेश्वरा, या घरावर आणि घरातल्या माणसांवर..."

"टिव्!" टेओफिलची छाती म्हणाली.

फादर थांबले. ओटिलियानं क्रूसाकडे नजर लावली, ती हलवलीच नाही.

"...तुझी कृपा असू दे..."

"टिव्!"

फादरांनी प्रार्थना पूर्ण केली, पुस्तक मिटलं आणि टेओफिलच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी हळुवार केला. "सांगितलं नाहीत कधी, टेओफिल. हृदयाला यंत्र बसवलंय वाटतं?"

टेओफिलनं तोंड उघडलं. पण ओटिलियाच्या तोंडाचा वेग जास्त होता. "हो, फादर!"

म्हटलं आणि तिला घाम फुटला. धर्मगुरूंसमोर, क्रूसासमोर, स्वतःच्या इस्त्रीच्या चादरीसमोर धडधडीत खोटं!

"कधी झालं ऑपरेशन?"

"आत्ताच... म्हणजे, मध्यंतरी."

"आणि असा आवाज येणं बरोबर आहे का? डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, आवाज येतोय तोवर काळजी नाही. थांबला की सांगा."

फादरांचा चेहरा गंभीर झाला. "रविवारी मी सगळ्यांना तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. गेर्ट्रूडाबाई रोज तुम्हाला सूप आणून देतील."

गेर्ट्रूडाचं सूप! टेओफिलनं खाणीत दोनदा छत कोसळताना पाहिलं होतं, पण त्या सूपला तो कायम भ्यायचा. त्यानं खिशात हात घातला आणि डबी टेबलावर ठेवली.

"फादर, हे माझं हृदय. म्हणजे, हृदय नव्हे, भिंतीवरची डबी आहे. ओटिलियाला खोटं बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं."

ओटिलियानं पदर नव्हता म्हणून एप्रनच तोंडावर घेतला. आता फादर रागावणार, कॉफी तर सोडाच, पुढच्या वर्षी जिनाही चढणार नाहीत. पण फादर डबीकडे टक लावून बघत होते.

"टिव्!"

"हा आवाज..." ते म्हणाले. "हा तर आमच्या स्वयंपाकघरातला रातकिडा!"

"काय?"

"नाताळच्या आधीपासून ओरडतोय. आमचं घर सांभाळणाऱ्या अपोलोनियाबाई म्हणतात, चुलीमागं रातकिडा आला की घराला बरकत येते. त्या रोज त्याला पावाचा चुरा टाकतात."

टेओफिलनं हळूच विचारलं, "तुमच्याकडे भिंतीवर अशी डबी आहे का?"

"आहे की. मागच्या फादरांनी बसवलेली. कपाटाच्या मागं असेल."

"आणि तुमचं डोकं कधीपासून दुखतंय?"

फादरांनी कपाळावरचा हात खाली घेतला. "मला वाटलं, चर्चच्या बैठकांमुळे दुखतंय."

विषारी वायूनं आधी डोकं दुखतं आणि सेल संपलेली डबी नुसती टिवटिवते, हे खाणीतल्या माणसाला ठाऊक होतं. टेबलावरचे नवे सेल उचलून टेओफिल अनवाणीच निघाला होता; ओटिलियानं बूट घेऊन त्याला जिन्यात गाठलं.

फादरांच्या घरी अपोलोनियाबाई शेगडीजवळ खुर्चीत पेंगत बसल्या होत्या. टेओफिलनं कपाट सरकवलं तशा त्या जाग्या झाल्या. "खबरदार त्याला हात लावलात तर! इतका गुणी आहे तो, कधी दिसतसुद्धा नाही!"

"बाई, आधी बाहेर चला."

"एवढ्या बर्फात? मी काय येडी आहे?"

टेओफिलनं जुने सेल काढून नवे घातले. गुणी रातकिडा क्षणभर गप्प बसला आणि मग असा किंचाळला की फादरांच्या हातातलं पुस्तक पडलं. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. थांबायचं नाव नाही. आता मात्र टेओफिलनं अपोलोनियाबाईंना खुर्चीसकट उचललं, ओटिलियानं दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि सगळे अंगणात बर्फात जाऊन उभे राहिले. अग्निशमन दलाची गाडी आली. धुराड्यात कावळ्यांनी घरटं केलं होतं. विषारी वायू वर जायचा तो घरातच मुरत होता.

"आजची रात्र काढली असतीत तर सकाळ दिसली नसती," दलाचा माणूस म्हणाला.

अपोलोनियाबाईंना दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन दिला. ओटिलियानं टेओफिलचे हात आपल्या हातात धरून ठेवले, आणि घरी येईपर्यंत त्याला एकही टोमणा मारला नाही. घरी आल्यावर तिनं आपली डबी उलटी केली, चष्मा लावला आणि वाचलं.

"टेओफिल, मागं लिहिलंय. हिचं आयुष्य संपलंय. सेल बदलून उपयोग नाही, डबीच नवी आणायची."

"माझ्या ते लक्षात आलंच होतं," टेओफिल म्हणाला.

रविवारी फादरांनी वेदीवरून टेओफिलचं नाव घेतलं. 'तज्ज्ञ' असं म्हणाले. सोमवारपासून जिन्यात रांग लागली. कुणी डबी घेऊन आलं, कुणी घड्याळ, एकानं तर सासऱ्याचं कानाचं यंत्र आणलं, सासऱ्यासकट. ओटिलिया दारात स्टूल टाकून बसली. गेर्ट्रूडासुद्धा रांगेत होती, आणि ओटिलियानं तिला रांगेतच ठेवलं.

"टिव् टिव् की किंचाळी?" ती प्रत्येकाला विचारायची. "टिव् टिव् असेल तर बसा. किंचाळत असेल तर इथं कशाला आलात? घरच्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा!"

संध्याकाळी रांग सरली तेव्हा अपोलोनियाबाई आल्या. तब्येत सुधारली होती, चेहरा मात्र उतरलेला. हातात काहीच नव्हतं.

"तुमचीही डबी बिघडली?" ओटिलियानं विचारलं.

"छे गं. नवी छान आहे, मुकाट भिंतीवर बसते." त्यांनी शाल सावरली. "फादर दिवसभर बाहेर असतात. घर खायला उठतं बघ. तुमच्याकडची ती जुनी, आयुष्य संपलेली... टाकलीत का?"

ओटिलियानं टेओफिलकडे पाहिलं. टेओफिलनं फडताळातून डबी काढली, त्यात सेल घातले आणि बजावलं, "ही फक्त सोबतीला. गॅसचं काम तुमची नवी डबीच करेल."

अपोलोनियाबाईंनी डबी शालीत गुंडाळली आणि जिना उतरायला लागल्या. खालून ऐकू आलं, "टिव्!"

"हो रे बाळा, आलंच घर," त्या म्हणत होत्या. "चुरा ठेवलाय तुझ्यासाठी."