तीन सायन्स आणि शीलाताई

शीलाताईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती कढीपत्ता मागायला. दार उघडंच होतं. आत सोफ्यावर त्यांचे यजमान, अरुणभाऊ, बनियन आणि हाफ पँटवर क्रिकेट बघत बसले होते आणि त्यांच्या अंगभर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. दंडावर, पोटरीवर, मानेवर, कपाळावरसुद्धा. मला बघून ते ओशाळून उठायला गेले, तशी आतून गर्जना झाली, "हलू नका जी! ट्रायसेप्स निघून राह्यला!"

अरुणभाऊ मुकाट्यानं बसले. हातात कणीक तशीच घेऊन शीलाताई बाहेर आल्या आणि त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"कोण तू?"

"मी मीनल जोशी. बाजूच्या बिल्डिंगमध्ये राहते."

"मी शीला खोब्रागडे. नागपूर. तुझा उजवा खांदा खाली आहे. लॅपटॉपची बॅग त्याच खांद्यावर घेत असशील. कढीपत्ता बाल्कनीत आहे, तोडून घे. यांच्या पाठीकडून जाऊ नको, चिठ्ठ्या उडतात."

टेक्ससमधल्या अर्विंगला आमच्या कॉम्प्लेक्समध्ये अर्धी माणसं महाराष्ट्रातली. कोणी मॅरेथॉन धावतं, कोणी ढोल वाजवतं, कोणी घरं विकायचं लायसन्स काढतं. पण पन्नाशीला टेकलेल्या एखाद्या बाईनं नवऱ्याचा तक्ता करून स्नायू पाठ करताना मी कधी पाहिलं नव्हतं. शीलाताईंना नर्स व्हायचं होतं.

खरं तर त्या नागपूरच्या मायक्रोबायोलॉजीच्या बी.एस्सी. तिकडे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होत्या. लग्न झालं आणि अरुणभाऊंच्या मागून डिपेंडंट म्हणून इकडे आल्या. 'डिपेंडंट' हा शब्द त्या अळणी आमटी तोंडात गेल्यासारखा उच्चारत. त्या व्हिसावर नोकरी करता येत नसे. मग मुलगी झाली, तिची शाळा, तिचं स्विमिंग, तिचं व्हायोलिन. मुलगी शिकायला दुसऱ्या राज्यात गेली आणि त्याच सुमारास ग्रीन कार्ड हातात पडलं. शीलाताई दुसऱ्या दिवशी सकाळी कम्युनिटी कॉलेजात जाऊन उभ्या राहिल्या.

तिथला सल्लागार हा दाढी राखलेला कोवळा मुलगा होता. त्याची नक्कल त्या फार छान करत.

"मले म्हणते, मिस शीला, तुमची डिग्री फार जुनी आहे, मायक्रोबायोलॉजी पुन्हा करावं लागेल. मी म्हटलं, काहून बाबा? जंतू बदलले का? तर म्हणते, क्रेडिट एक्स्पायर झाले. घ्या! इथं दुधाले तारीख असते तशी विद्येलेही असते."

"मग?"

"मग काय? नागपूरचे माझे सगळे जंतू मेले. आता टेक्ससचे शिकते."

नर्सिंग स्कूलला नुसता अर्ज करायचा तरी आधी अॅनाटमी, मायक्रोबायोलॉजी आणि केमिस्ट्री पास व्हावं लागतं, तेही उत्तम मार्कांनी. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. सल्लागार म्हणाला, एका सेमिस्टरला एकच सायन्स घ्या, फार तर दोन. शीलाताईंनी तिन्ही एकदम घेतली. "एकेक करत बसले तर तिसरं संपेपर्यंत पहिलं नासते," त्या म्हणाल्या. हे हिशेबाला बरोबर होतं आणि माणसाला अशक्य होतं.

त्या सेमिस्टरला त्यांच्या तोंडी एकच वाक्य असे, "हे परीक्षेत येते का?" कोणाच्या मुलाला कुठं ॲडमिशन मिळाली, कोणी घर घेतलं, कोणाचं कोणाशी बोलणं बंद झालं, काहीही सांगायला जावं, तर त्या मान वर न करता विचारत, "हे परीक्षेत येते का?" येत नाही म्हटलं की विषय संपला. अरुणभाऊंनी एकदा भीतभीत भाजीत मीठ नसल्याचं सांगितलं, त्यावरही हेच उत्तर आलं. अरुणभाऊ उठले आणि मिठाची बरणी घेऊन आले. भला माणूस. सोडियम क्लोराइडचं सूत्र त्यांना तेव्हापासून पाठ आहे.

गणपतीच्या जेवणाला मंडळात वैशालीवहिनींनी शीलाताईंना गाठलं. वैशालीवहिनी मंडळाच्या खजिनदार, आवाज गोड, हेतू तिखट.

"नर्स म्हणजे आपली सिस्टरच ना गं? अरुणभाऊंचं एवढं चांगलं चाललंय, आणि तू या वयात लोकांचे बेडपॅन उचलणार?"

"उचलीन ना. तुमचाही उचलीन. ऑर्डर असली तर."

वैशालीवहिनी हसल्या, पण श्रीखंडाची वाटी तिथंच विसरून गेल्या.

खरं सांगायचं तर मलाही वाटे, ही बाई नर्स होऊन करणार काय? गोड बोलणं त्यांच्या शब्दकोशातच नव्हतं. मला एकदा सडकून फ्लू झाला. त्या आल्या, कपाळाला हात लावला, म्हणाल्या, "ताप आहे. मरत नाहीस. सगळ्यांनाच वाटते आपलं दुखणं स्पेशल आहे." आणि गेल्या. दाराबाहेर मुगाच्या खिचडीचा डबा ठेवलेला मला संध्याकाळी सापडला. बेल वाजवायचे कष्टही त्यांनी घेतले नव्हते.

वर्गातल्या मुलांशी त्यांचं तेच. अॅनाटमीच्या लॅबमध्ये प्रत्येक टेबलाला एक मेलेलं मांजर देतात, फाडून शिकायला. शेजारच्या टेबलावरच्या पोरींनी त्यांच्या मांजराचं नाव 'बिस्किट' ठेवलं आणि हसून लोळल्या. शीलाताईंनी आपल्या मांजरापुढे हात जोडले, डोळे मिटले, मग सुरी उचलली. एका पोरीनं त्याचा व्हिडिओ काढून मैत्रिणींना पाठवला.

"तुम्ही तक्रार नाही केलीत?" मी विचारलं.

"कशाची? हसून राह्यल्या, हसू दे. माझं मांजर नीट उघडलं. त्यांचं आतडं फाटलं."

नर्सिंगच्या अर्जात एखाद्या केअर होममध्ये काम केलं असलं तर जास्तीचे गुण मिळतात. म्हणून शीलाताई जवळच्या एका केअर होममध्ये दुपारी मदतीला जाऊ लागल्या. लागत होते तेवढे तास कधीच पुरे झाले, तरी जाणं थांबलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "पार्किंग फुकट आहे."

एकदा त्यांची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून मी त्यांना सोडायला गेले आणि आतपर्यंत गेले.

तिथं कमलआजी होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, हाडांची मोळी, पण केसांचा अंबाडा घट्ट. नवरा गेल्यावर मुलानं इकडे आणलं. मग हळूहळू विसरायला लागल्या, आधी इंग्लिश, मग आपण अमेरिकेत आहोत हे, मग मुलाचं वय. दोनदा घरातून निघून हायवेच्या कडेनं चालत गेल्या, तेव्हा मुलानं नाइलाजानं इथं ठेवलं. तो रविवारी यायचा. मुलगा वाईट नव्हता. पण त्या होममध्ये मराठी कोणालाच येत नसे, आणि आजींना आता दुसरं काही येत नव्हतं. त्या जेवत नव्हत्या. मदतनीस मुली चमचा पुढे करत, आजी तोंड फिरवत. मुलींना वाटे, भूक नाही.

शीलाताई खुर्ची ओढून बसल्या. डब्यातून मऊ वरणभात काढला. आजींनी त्यांच्याकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "कोणाची गं तू?"

मला वाटलं, आता शीलाताई सांगणार. कारण आपलं आडनाव ही बाई कोणापुढे गिळत नसे. मंडळात नवीन कोणी भेटलं आणि 'खोब्रागडे म्हणजे नक्की कुठले?' असं आडून विचारू लागलं, की त्या सरळ सांगत, "बाबासाहेबांचे. आणखी काही विचारायचं?" समोरचा पाणी प्यायला जाई.

शीलाताई म्हणाल्या, "जोशांची."

"कुठले जोशी?"

"पुण्याचे."

"मग ठीक आहे," आजी म्हणाल्या आणि त्यांनी तोंड उघडलं.

मी भिंतीला टेकून उभी होते. शीलाताई लहान लहान घास भरवत होत्या. मध्येच थांबून आजींच्या गळ्यावरून दोन बोटं हलकेच फिरवत, घास उतरला की नाही ते बघत. पदरानं तोंड पुसावं तसं आपल्या ओढणीच्या टोकानं पुसत. आजींनी भात संपवला, त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गुणाची आहेस. संस्कार लपत नाहीत हो."

परतताना मी गाडी सुरू केली. मग त्याच म्हणाल्या, "तुझं आडनाव वापरून राह्यले. चालते ना तुले?"

"शीलाताई..."

"पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं होतं. तिनं ताट लोटून दिलं. सगळं विसरली बुढी, पोराचं नाव विसरली, नवरा मेला हे विसरली. तेवढं एक नाही विसरली." त्यांनी काच खाली केली. "दोन दिवस उपाशी होती. मग मी म्हटलं, मरू दे."

"मग गेलात कशाला परत?"

"आडनाव मरू दे म्हटलं. तिले नाही."

सेमिस्टर संपलं. अॅनाटमीत ए, मायक्रोबायोलॉजीत ए, केमिस्ट्रीत बी. मी पेढे नेले तर शीलाताई म्हणाल्या, "केमिस्ट्री जमली नाही," आणि पेढा न घेताच आत गेल्या. खरं काय ते अरुणभाऊंनी मला खाली लिफ्टपाशी सांगितलं. केमिस्ट्रीची लॅब दुपारची होती. शेवटच्या महिन्यात आजी फार थकल्या आणि दुसऱ्या कोणाच्याही हातून पाणीसुद्धा घेईनात. जेवणाची वेळ आणि लॅबची वेळ एकच. शीलाताईंनी लॅब बुडवल्या, त्याचे मार्क गेले.

"मी म्हटलं तिला, प्रोफेसरला कारण सांग," अरुणभाऊ म्हणाले. "तर म्हणते, काय सांगू? बुढी कोणाची आहे विचारलं तर?"

नर्सिंग स्कूलचा नकार ईमेलनं आला. दोन ओळींचा, विनम्र. गुण थोडक्यात कमी पडले होते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, केमिस्ट्री पुन्हा द्यावी लागेल. वैशालीवहिनींना आठवडाभर झोप छान लागली असावी. शीलाताईंनी ईमेल वाचला, भांडी घासली आणि केमिस्ट्रीचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं. मी काही सांत्वन करावं म्हणून शब्द जुळवत होते, तर म्हणाल्या, "रडायचं असेल तर घरी जाऊन रड. मले केमिस्ट्रीतला मोल शिकायचा आहे."

त्याच थंडीत कमलआजी गेल्या.

मुलानं देवळाच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. शीलाताईंना कोणी बोलावलं नव्हतं. मराठी ग्रुपवर निरोप आला तो मी त्यांना दाखवला. त्या लगेच तयार झाल्या, पांढऱ्या साडीत. तोवर मी त्यांना साडीत कधी पाहिलं नव्हतं. आम्ही मागच्या ओळीत बसलो. आजींच्या फोटोकडे त्या अशा बघत होत्या, की जणू आत्ता घास अडकेल की काय.

नंतर सगळे मुलाला भेटायला पुढे सरकले. पन्नाशीचा, थकलेला, डोळे सुजलेला माणूस. मी नमस्कार केला.

"मी मीनल जोशी. फार वाईट वाटलं."

तो एकदम थबकला. "जोशी? पुण्याच्या?"

"हो, पण..."

"म्हणजे तुम्हीच!" त्यानं माझे दोन्ही हात धरले. भर गर्दीत त्याचा आवाज फुटला. "आई दर रविवारी सांगायची. जोशांची मुलगी येते, पुण्याची, आपल्या हातानं भरवते. मला वाटायचं भ्रम आहे. होममध्ये विचारलं तर त्या मुलींना नाव नीट सांगता येईना. मी तुम्हाला किती शोधलं हो! मी तिचा मुलगा, मला तिला भरवता आलं नाही आणि तुम्ही..."

मी शीलाताईंकडे वळले. मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी माझं मनगट घट्ट दाबलं. त्यांचा चेहरा अगदी शांत होता.

"हो," त्या त्याला म्हणाल्या. "हीच ती. आईंनी शेवटपर्यंत पोटभर खाल्लं. काही मनाला लावून घेऊ नका."

"आणि आपण?" त्यानं डोळे पुसत विचारलं.

"मी हिच्यासोबत आले."

तो पुन्हा माझ्याकडे वळला. लोक सरकून जवळ आले. कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला, कोणीतरी म्हणालं, अशी माणसं आहेत म्हणून चाललंय हो. वैशालीवहिनी तर रडल्याच. मी गर्दीतून मान वळवून बघितलं, तेव्हा शीलाताई दारापाशी वाकून, एका हातानं भिंत धरून, आपल्या चपला शोधत होत्या.