वकीलबाईंच्या एकेचाळीस शिफारशींचं प्रकरण

“लिहा,” भाऊजी म्हणाले आणि खुर्चीत इतके मागे रेलले की खुर्चीने हरकत नोंदवली. “‘सत्याच्या पाठीवरचा डोळा. गुन्हेगारांच्या झोपेतला ठसका. ज्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही असे...’ पुढे मोठी जागा सोडा, तिथे माझं नाव ठळक येईल.”

मेव्हण्याने जागा सोडली. समोरच्या भिंतीवर तीन मुंग्या चालल्या होत्या. त्या सुटल्या.

मेव्हणा म्हणजे भाऊजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. वय बेचाळीस, हुद्दा ‘मुख्य सहायक’. दुय्यम सहायक कोणीच नव्हतं. त्याची खरी नेमणूक ताईने केली होती आणि काम एकच दिलं होतं: “डॉक्टरांनी यांचा गोड चहा बंद केलाय. तेवढं बघ.” थोडक्यात, हा गुप्तहेरामागे लावलेला गुप्तहेर होता, आणि दोघांत यशस्वी कोण हे सांगणं अवघड होतं. भाऊजींची आजवरची सर्वात गाजलेली उकल म्हणजे एक हरवलेली छत्री. ती तीन दिवसांनी सापडली. भाऊजींच्या हातात.

जाहिरातीचा मजकूर जवळपास पुरा झाला होता, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या वकीलबाई धापा टाकत वर आल्या. वकिलीला अडीच वर्षं झालेली, अशील मोजून नऊ, त्यातल्या दोन मावशा.

“काका, माझी सनद जाणार.”

“कुठे ठेवली होती शेवटची?” भाऊजींनी भिंग काढलं.

“हरवली नाही हो! काढून घेणार आहेत!”

त्यांनी नोटीस टेबलावर आपटली. वकिलांच्या शिस्तपालन समितीची होती. वकिलाने स्वतःची जाहिरात करायची नाही, गिऱ्हाइकं ओढायची नाहीत, कुणाकडून आपली तारीफ छापून आणायची नाही. इंटरनेटवर नाव, पत्ता, फोन, शिक्षण आणि कामाचा प्रकार एवढं टाकलं तर चालतं. वकीलबाईंनी तेवढंच टाकलं होतं. पण गेल्या आठवड्याभरात त्यांच्या पानावर एकेचाळीस अभिप्राय येऊन पडले होते, ताऱ्यांसकट. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता समितीपुढे खुलासा करायचा होता. आज मंगळवार.

“काही चांगलं लिहिलंय का?” मेव्हण्याने विचारलं.

“तुम्हीच वाचा.”

मेव्हण्याने वाचलं. “पाच तारे. ‘कडक! लवकर!’ तीन तारे. ‘नेहमीचंच, पण मागच्या वेळी पातळ होतं.’ चार तारे. ‘साहेबांकडे पाठवा, साहेब तापलेत.’”

“या तिसऱ्यावर समितीने लाल रेघ मारलीय,” वकीलबाई रडकुंडीला आल्या. “म्हणतात, कोणते साहेब? काय पाठवता? अहो, मी आजपर्यंत कुणाला शुभेच्छासुद्धा पाठवलेल्या नाहीत.”

भाऊजी उठले. खिडकीपाशी गेले. मागे हात बांधले. हे तीन एकापाठोपाठ झालं की मेव्हणा डोळे मिटून घेत असे.

“समोरचा म्हातारा वकील,” भाऊजी म्हणाले. “तुमच्या यशाने जळतो.”

“माझं कुठलं यश?”

“म्हणूनच. पुरावा ठेवलेला नाही.”

समोरचे म्हातारे वकील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ते ईमेल छापून घेत, त्यावर शाईने उत्तर लिहीत आणि तो कागद संगणकाशेजारी ठेवून उत्तर आपोआप जाईल म्हणून वाट बघत. भाऊजींनी त्यांची अर्धा तास उलटतपासणी केली. शेवटी म्हातारबुवांनीच भाऊजींकडून तीन गोष्टी कबूल करून घेतल्या आणि जाताना दार ओढून घ्यायला सांगितलं.

बुधवारी दुसरा सिद्धांत आला: ताऱ्यांचे आकडे म्हणजे तिजोरीची किल्ली. पाच, तीन, चार, दोन, एक. इमारतीत तिजोरी एकच, तळमजल्यावरच्या छापखान्यात. त्यात छापखानेवाला डबा ठेवायचा. ती नुसती ओढली तरी उघडायची, त्यामुळे सिद्धांत खरा की खोटा ते कळलंच नाही.

दुपारी तिसरा आला: गुन्हेगार स्वतः वकीलबाई. “सर्वात कमी संशय तुमच्यावर. म्हणजे सर्वात जास्त.”

“मग मी तुमच्याकडे कशाला येऊ?”

“तोच तर डाव आहे.”

“भाऊजी, त्या आपल्या अशील आहेत,” मेव्हणा म्हणाला.

“ठीक आहे,” भाऊजी उदार मनाने म्हणाले. “अटक उद्या करू.”

संध्याकाळी मेव्हण्याने नोटिशीचं शेवटचं पान उलटलं. तिथे अभिप्राय क्रमांक एकेचाळीस चौकटीत छापला होता. लिहिणारा: अज्ञात इसम. एक तारा. मजकूर: ‘नेहमीसारखं. मागच्या जिन्याने. वर बसतो त्या शहाण्याला कळता कामा नये.’ खाली समितीची टीप होती: हा प्रकार अत्यंत संशयास्पद असून याच्या लेखकाचा छडा न लागल्यास सनद तात्काळ निलंबित.

“हा बघा खरा धागा!” मेव्हणा म्हणाला.

भाऊजींना ठसका लागला. “छे छे. किरकोळ. तो... यंत्रमानव आहे. परदेशी यंत्रमानवांची टोळी. एकेचाळीसच्या एकेचाळीस. प्रकरण बंद करा.”

मेव्हणा चमकला. या माणसाने आजवर पायपुसण्यातही धागा शोधला होता. समोर आलेला धागा त्याने सोडल्याची ही पहिलीच वेळ.

त्या अस्वस्थतेत भाऊजींनी एक उपकार करून टाकला. वकीलबाईंच्या बचावासाठी त्यांनी इंटरनेटवरच्या आपल्या पानावर जाहीर केलं: ‘आमच्या अशील वकीलबाई जाहिरात अजिबात करत नाहीत! जाहिरात न करणाऱ्यांत अव्वल! आजच भेटा, पहिला मजला.’ गुरुवारी सकाळी समितीची पुरवणी नोटीस आली.

वकीलबाई ती घेऊन वर आल्या, पण आरडाओरडा केला नाही. गुपचूप खुर्चीत बसल्या. “बाबांनी शेवटच्या वर्षाची फी भरायला दुकान विकलं,” त्या म्हणाल्या. “उद्या संध्याकाळी ते फोन करतील. दर शुक्रवारी करतात. काय म्हणाले कोर्टात, विचारतात.”

भाऊजींनी भिंग खिशात टाकलं.

तेवढ्यात जिन्यावर किटली आपटल्याचा आवाज आला. तळमजल्यावर चहाची टपरी चालवणारी मावशी दारात उभी राहिली.

“गुप्तहेर कोण तुमच्यात?” तिने विचारलं. ती दोघांना नऊ वर्षं ओळखत होती. “माझं एक काम शोधून द्या. नवीन पद्धत काढली मी. टपरीवर आणि प्रत्येक टेबलावर स्टिकर लावले. त्यातला चौकोन फोनने टिपायचा, किती कप ते सांगायचं, काय हवं ते लिहायचं, की ऑर्डर माझ्या फोनवर. आठवडा झाला, चहाची एक ऑर्डर आली असेल तर शपथ! लोक आपले खिडकीतूनच ओरडतात.”

“मग काहीच येत नाही?” मेव्हण्याने विचारलं.

“येतं ना!” मावशीने फोन पुढे केला. “ही बघा ऑर्डर. ‘नवरा तीन वर्षं नांदवत नाही.’ काय देऊ तिला? ‘भाडेकरू घर सोडत नाही, लवकर काहीतरी करा.’ त्या मालकाला आणि भाडेकरूला मी बाकावर समोरासमोर बसवलं, दोन-दोन कप पाजले. पुढच्या महिन्यात सोडतोय घर.”

वकीलबाई हळूहळू उभ्या राहिल्या. “तो भाडेकरू... ते घरमालक माझ्याकडे येणार होते. माझ्या दारावरचा स्टिकर टिपून.”

“तुमचाही स्टिकर आहे?”

“पत्ता सापडावा म्हणून. मागच्या सोमवारी छापून घेतला. खालून.”

“मीही सोमवारीच,” मावशी म्हणाली.

खोलीत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भाऊजींनी छताकडे पाहिलं.

सगळे खाली गेले. छापखानेवाल्याने स्टिकरच्या दोन्ही पुड्या आठवून पाहिल्या आणि कान पकडले. एकाच रंगाच्या कागदात बांधल्या होत्या. वकीलबाईंची मावशीला गेली, मावशीची वकीलबाईंना. शिवाय वकीलबाईंच्या चौकोनाला पत्त्याच्या पानाऐवजी त्याने चुकून थेट अभिप्रायाचं पान जोडलं होतं. टपरीवर चौकोन टिपला की पाच रिकामे तारे यायचे आणि खाली लिहायची जागा. लोकांना वाटलं, तारे म्हणजे कप. ज्याला पाच हवे त्याने पाच दाबले. तापलेले साहेब म्हणजे तळाच्या कचेरीतले हेडक्लार्क. त्यांना चहाला उशीर झाला की ते तापायचे. चहा आला नाही की लोक खिडकीतून ओरडायचे, चहा यायचा, आणि सगळ्यांना वाटायचं नवी पद्धत झकास चाललीय.

दुपारपर्यंत मेव्हण्याने चाळीस जणांकडून लिहून घेतलं: ‘मी वकीलबाईंची तारीफ केलेली नाही. मला चहा हवा होता.’ अनेकांनी ‘अजूनही हवा आहे’ असंही जोडलं. उरला एकेचाळिसावा.

“मावशी, हा अज्ञात इसम कोण? मागच्या जिन्याने चहा मागवतो तो?”

मावशीने किटली उचलली. “गिऱ्हाइकाची खासगी गोष्ट मी सांगत नाही. तुमच्या वकिलांना नीती असते, मग चहाला नको?” असं म्हणून ती भाऊजींकडे इतका वेळ बघत राहिली की न सांगण्यासारखं काही उरलं नाही.

मेव्हण्याला अचानक पुष्कळ गोष्टी उलगडल्या. भाऊजी रोज चार वाजता मागच्या जिन्यावर ‘घटनास्थळाची पाहणी’ करायला का जातात. परत येताना मिशी ओली का असते. आणि वर बसणारा शहाणा कोण.

त्याने कोरा कागद भाऊजींपुढे सरकवला. “मी ताईला काही सांगणार नाही,” तो म्हणाला. “पण उद्या अकरा वाजता त्यांची सनद आहे.”

भाऊजींनी कागदाकडे पाहिलं, वकीलबाईंकडे पाहिलं. मग लेखणी उचलली.

शुक्रवारी समितीने एकेचाळीस कबुल्या वाचल्या. चाळीस तर पाच मिनिटांत संपल्या. एकेचाळिसावी सात पानांची होती, तिची सुरुवात ‘सत्याच्या पाठीवरचा डोळा’ अशी होती आणि साखर सहाव्या पानावर येत होती. अध्यक्षांनी चष्मा पुसला, दोन्ही नोटिसा मागे घेतल्या, अभिप्राय काढून टाकायला सांगितलं आणि शेवटी मावशीच्या टपरीचा पत्ता मागून घेतला. संध्याकाळी वकीलबाईंच्या बाबांचा फोन आला. पोर जिंकली एवढंच त्यांना समजलं. चहाचं समजलं नाही.

मेव्हण्याने शब्द पाळला. ताईला एक अक्षर सांगितलं नाही. पण भाऊजींना राहवेना. एकेचाळिसावा धागा शेवटी आपणच जोडला, हे जगाला कळायला नको? त्यांनी ती सात पानं आपल्या पानावर टाकली, वर ठळक अक्षरांत ‘हमखास उकल!’ असं लिहिलं आणि घरच्या सगळ्यांना पाठवली. गुप्तहेरांना जाहिरातीची बंदी नाही. असती तर बरं झालं असतं.

सोमवारी चार वाजता मावशी वर आली, ती पुढच्या जिन्याने. स्टिकर आता जागच्या जागी होते.

“ऑर्डर आलीय,” तिने दोन कप ठेवले आणि फोनवरून वाचून दाखवलं. “‘दुसऱ्या मजल्यावर दोन. सत्याच्या डोळ्याला बिनसाखरेचा. शहाण्याला दोन चमचे जास्त, आणि रात्री घरी ये म्हणावं, बोलायचंय.’”

“कुणाची आहे?” भाऊजींनी विचारलं.

“गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही मी,” मावशी म्हणाली आणि जिना उतरली.

भाऊजींनी भिंग काढलं आणि कपात बराच वेळ पाहिलं. साखरेचा मागमूस नव्हता.