अर्ध्या गोळीची हकीकत

श्रीचरणीं मस्तक ठेवून, ऐकणारांचे कल्याण चिंतून लिहितों ऐसें जे: शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, दोन खोल्या आणि एक गॅलरी इतुकें ज्यांचें राज्य, ते महाराज भालचंद्रराव व राणीसाहेब वत्सलाबाई वृद्धापकाळीं सुखें नांदत होते. राज्याचा दंडक ऐसा कीं, जें खाणें त्यांतील अर्धें दुसऱ्यास द्यावें. पेरू आला तरी अर्धा, लाडू आला तरी अर्धा, आणि एकटा खाईल तो गुन्हेगार. ऐसें असतां महाराजांस रक्तदाबाचा उपद्रव जाहला, मग वैद्यराजांनीं दंडास पट्टा बांधोन पांढरी गोळी नेमिली आणि बहुत गुण आला. पुढें श्रावणमासीं राणीसाहेबांस घेरी येऊं लागली. महाराज म्हणाले, "डॉक्टरकडे कशाला? मला लागू पडली, ती तुला नाही पडणार होय?" आणि गोळी मधोमध मोडून अर्धी बशींत ठेविली. राणीसाहेब हसून बोलिल्या, "अहो, औषधाचेही वाटे?" आणि मोठ्या प्रीतीनें घेतली. काय सांगावें! त्यांचा दाब मुळांतच कमी; गोळीनें आणखी उतरला आणि घेरी वाढली. घेरी वाढली म्हणोन महाराजांनीं सांजचीही अर्धी सुरू केली. मग राणीसाहेब न्हाणीघरांत पडल्या, खुबा मोडला.

इस्पितळांत वैद्यराजांनीं पुसिलें, "काकू, कुठली गोळी चालू आहे का?" महाराज बोलणार तों राणीसाहेबांनीं त्यांचा हात दाबिला आणि "छे हो, एकही नाही" म्हणाल्या, यजमानांस कोणी रागें भरूं नये, इतुकीच मर्जी. महाराजांसही वाटलें, अर्ध्या गोळीचें तें काय सांगावयाचें. अरे, दोघांतून एकानें तोंड उघडिलें असतें तर! घरीं आल्यावर दंडक पुन्हां चालू, आणि मार्गशीर्षांत राणीसाहेब पुन्हां पडल्या त्या उठल्या नाहींत.

तेरावें उरकल्यावर महाराजांनीं वैद्यराजांस सर्व निवेदन केलें. ते म्हणाले, "काका, काकूंना ती गोळी नकोच होती." महाराज म्हणाले, "तिला सोडून मी कधी घोटभर चहा घेतला नाही हो," आणि लहान मुलासारिखे रडले. मग वैद्यराजांचा हुकूम जाहला कीं, आपली गोळी आपण पुरती घ्यावी. दुसरे दिवशीं महाराजांनीं गोळी हातीं घेतली आणि संवयीनें मोडिली. अर्धी गिळली, अर्धी बशींत ठेविली. इतक्यांत सासरहून कन्या हेमलता यांचा फोन आला, "बाबा, गोळी घेतलीत ना?" महाराज बशीकडे पाहून म्हणाले, "अर्धी राहिली आहे गं."

येणेंप्रमाणें वर्तमान घडलें. कपट कोणाचे ठायीं नव्हतें, प्रीती मात्र बहुत होती, आणि तिनेंच घात केला. लिहिणारानें जैसें ऐकिलें तैसें लिहिलें.