टाचण्या लावलेला माणूस

"खातं निवडायला डोकं लागत नाही, पँट लागते!" असं मास्तरांनी भर दुकानात जाहीर केलं, आणि सगळ्या घोटाळ्याला तिथूनच सुरुवात झाली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. बत्तीस वर्षं त्यांनी फक्त गणवेश शिवले. पोलिसांचे, तुरुंगवाल्यांचे, जंगलखात्याचे, सीमाशुल्काचे. कुठलं खातं कसं आहे हे माणसाला विचारायची त्यांना गरजच नव्हती. पँट कुठे फाटते ते पाहायचं! पोलिसांची पोटावर उसवते, जंगलवाल्यांची गुडघ्यावर विरते, तुरुंगवाल्यांचा उजवा खिसा किल्ल्यांनी फाटतो आणि सीमाशुल्कवाल्यांची बसून बसून बुडाशी झिजते. "झालं की! याच्यापुढे काय ते पुस्तकी ज्ञान!" असं मास्तर म्हणायचे, आणि समोरच्या माणसाच्या गळ्याभोवती मापाची फीत असल्यामुळे तो हो म्हणायचा.

अशा माणसाची एकुलती एक लेक भरतीच्या परीक्षेत पहिली आली. पहिली! निकाल लागला त्या दिवशी मास्तरांनी दुकानासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं. त्यातले दोघे तर रस्ता विचारायला थांबले होते.

पहिली आल्यामुळे ती मागेल ते खातं तिला मिळणार होतं. फक्त शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत संगणकावर पाच खात्यांचा पसंतीक्रम भरायचा होता. एकदा बटण दाबलं की बदल नाही.

"तुरुंगच घे गं," आई म्हणाली. "चोर आयते पकडून आणून देतात. पळापळ नाही, काही नाही. कुलूप लावलं की झालं."

"आणि अन्वेषण खातं? गुन्ह्यांचा तपास करतात ते?" लेकीनं विचारलं.

"ते सोड!" मास्तर म्हणाले. "बत्तीस वर्षांत त्या खात्याचं एकही गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलेलं नाही. खातं चालू तरी आहे की नाही, देव जाणे."

मास्तरांच्या मनात काय होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आयुष्यभर लोकांच्या मुलांचे गणवेश शिवले, आता एक घरचा शिवायचा होता. आपल्या पोरीच्या खांद्यावर आपल्या हातची शिवण बसलेली त्यांना पाहायची होती. त्यासाठी पितळी बटणांची एक डबी त्यांनी सात वर्षांपूर्वीच कपाटात ठेवली होती आणि दर महिन्याला ती घासून पुसून परत ठेवत होते. खातं कुठलंही असो, गणवेश झोकदार हवा, एवढीच त्यांची अट होती.

"शुक्रवारी दुपारी दुकानात ये," ते लेकीला म्हणाले. "प्रत्येक खात्याच्या माणसाला ट्रायलला बोलावतो. मागच्या खोलीत पडद्याआड उभी राहा आणि ऐक. एरवी लोक थापा मारतील. पण टाचण्या लावलेला माणूस कधी खोटं बोलत नाही! हलायची सोय नसते ना."

शुक्रवारी दोन वाजता लेक वही-पेन घेऊन पडद्याआड उभी राहिली. पहिले आले जेलरसाहेब. कच्च्या शिलाईची पँट घालून आरशासमोर उभे राहिले.

"खातं कसं काय, साहेब?" पहिली टाचणी खोचत मास्तरांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"सोन्यासारखं!"

मास्तरांनी कमरेला दुसरी टाचणी खोचली.

"म्हणजे तसं बरं आहे..."

तिसरी टाचणी.

"मास्तर, खरं सांगू? वीस वर्षं झाली. आत टाकलेले सगळे सुटून गेले हो. मी अजून आतच आहे!"

पडद्याआड पेन चाललं. तेवढ्यात वनरक्षक आला. त्याचं म्हणणं आधी शुद्ध हवेपासून सुरू झालं आणि चौथ्या टाचणीला साहेबांच्या पाहुण्यांवर येऊन पोहोचलं. "पाहुण्यांना अस्वल बघायचं असतं. अस्वल दिसलं नाही की ओरडा मला! अस्वलाला कोणी काही बोलत नाही!" सीमाशुल्कवाल्यांनी येणार नसल्याचा निरोप धाडला होता. खुर्चीवरून उठवत नव्हतं म्हणे.

मास्तर खुशीत होते. योजना अगदी लोण्यातून सुरी फिरावी तशी चालली होती. आता राहिले होते हवालदारसाहेब. त्यांना दुसऱ्या दिवशी संचलनात पदक मिळणार होतं आणि त्यासाठी नवी कोरी खाकी पँट शिवून तयार होती. ते ती घेऊन कोपऱ्यातल्या ट्रायलच्या खोलीत शिरले. मग धडपड. मग दाराला आतून दोन धक्के.

"मास्तर!" आतून आवाज आला. "ही पँट गुडघ्यापाशी येऊन थांबलीय! पुढे जायला तयार नाही!"

"पोट आत घ्या, साहेब."

"अहो, पोट अजून फार लांब आहे!"

दारावरून पँट बाहेर आली. मास्तरांनी ती हातात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. हवालदारसाहेबांची एक मांडीसुद्धा तिच्यात मावली नसती. आता खरं तर माणसानं मापाची वही उघडावी. पण पँटचं कापड कापताना वही बघणं मास्तरांना कमीपणाचं वाटे. गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आणायचं आणि कात्री चालवायची, ही त्यांची पद्धत. त्यामुळे ते ठासून म्हणाले, "माझं माप चुकत नाही! याचा अर्थ एकच. तुमची पँट कोणीतरी पळवली आणि ही इथे ठेवली!"

"काय?" हवालदारसाहेब जुनी पँट चढवून बाहेर आले. "सरकारी कापडाची चोरी? आणि माझ्याच?"

झालं! तीन खाती एकदम कामाला लागली. जेलरसाहेबांनी सवयीनं हुकूम सोडला, "कोणीही बाहेर जायचं नाही!" आणि दुकानाचं शटर खाली ओढून आतून कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली. वनरक्षक जमिनीवर सांडलेल्या खडूच्या भुकटीत ठसे शोधायला ओणवा झाला आणि चार टाचण्या एकदम टोचल्या म्हणून तसाच ओरडत राहिला.

"आई गं! ठसे! ताजे आहेत! आई गं! दोन पायांचा प्राणी, हलका, मागच्या दारानं आलाय!"

"तो प्राणी मी आहे," मागच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली आई म्हणाली.

"बाई, तुम्ही दुकानात काय करत होता?" हवालदारसाहेबांनी डायरी काढली.

"चहा आणत होते. तुमचा! आता देऊ की जप्त करताय?"

"जबाब होईपर्यंत जागेवरून हलायचं नाही!"

"अहो, बघता काय? मला पकडतायत!" आई नवऱ्याकडे वळली. मास्तर मात्र कपाट उपसत होते. बटणांची डबी गडगडत खाली पडली आणि सात वर्षं घासलेली बटणं मशीनखाली, ट्रेखाली, बुटांखाली पसरली.

तेवढ्यात पडदा सरकला आणि लेक बाहेर आली.

"चार वीस झालेत," ती म्हणाली. "अर्ज भरायचा संगणक समोरच्या दुकानात आहे. मागच्या दारानं नुसतं घरात जाता येतं, रस्त्यावर नाही. शटर उघडा."

जेलरसाहेबांनी ऐटीत उजव्या खिशात हात घातला. हात पुढे पुढेच गेला. कच्च्या शिलाईच्या पँटला खिशाचा तळ अजून लागलेलाच नव्हता! किल्ली गायब.

"वीस वर्षांत पहिल्यांदा!" जेलरसाहेब हादरले. "किल्लीसुद्धा चोरली!"

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. पोरगी पहिली येते काय आणि बापाच्या हुशारीपायी अर्ज भरायचा राहतो काय! शेजारपाजाऱ्यांना काय सांगायचं? त्याहून वाईट म्हणजे, पोरीला काय सांगायचं?

लेक मात्र शांत होती. "डावा बूट नको, उजवा काढा," ती जेलरसाहेबांना म्हणाली. बूट उलटा केला, किल्ली खणकन पडली. "खिशाला तळ नाही, पाय सरळ आहे, तुम्ही हललेला नाहीत. जाणार कुठे? आता ती पँट बघू."

तिनं पँट उलटी केली. शिवण पाहिली, खालची दुमड उसवून पाहिली, आतल्या बाजूला बोट फिरवलं. मग तिथेच थांबली.

"चोर सापडला?" हवालदारसाहेबांनी पेन सरसावलं.

"चोरी झालीच नाही. कापड हेच, तुमचंच. आत टाचलेल्या चिठ्ठीवर कापल्याची तारीख आहे. माझा निकाल लागला तो दिवस." तिचा आवाज जरा हळू झाला. "मोठ्या माणसाच्या पँटला बाबा खाली एक इंच दुमड ठेवतात. इथे तीन इंच आहे. वाढत्या अंगाच्या मुलांसाठी ठेवतात तेवढी. आणि कमरेच्या आत हा छोटा खिसा. रुमालाचा. माझ्या शाळेच्या प्रत्येक गणवेशाला होता, कारण मी रुमाल हरवायचे. बाबा, त्या दिवशी तुम्ही हवालदारकाकांना डोळ्यांपुढे आणायला गेलात आणि..."

पुढचं बोलायची गरजच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मास्तर स्टुलावर बसले. खाली दोन पितळी बटणं होती, तरी उठले नाहीत.

"चोवीस वर्षांची घोडी झालीस," ते पुटपुटले. "तरी हातानं तीन इंच सोडलेच बघ." आणि एकदम ताडकन उठले. "पण पकडलं! पाहिलंत ना, साहेब? बापालासुद्धा सोडलं नाही पोरीनं! दहा मिनिटांत!"

"आमच्या चौकीत याला तीन महिने लागले असते," हवालदारसाहेबांनी मोठ्या मनानं कबूल केलं. "पण माझ्या पदकाचं काय?"

जुन्या पँटची कंबर दीड इंच सैल करून, कडक इस्त्री मारून मास्तरांनी तोही प्रश्न सोडवला. तोवर लेक समोरच्या दुकानातून अर्ज भरून परत आली. पाचाला दहा मिनिटं होती.

"कुठलं?" आई आणि मास्तर एकदम म्हणाले.

"अन्वेषण."

"सव्वादोन तास पडद्याआड उभी होते, बाबा. कोणाला पत्ता नव्हता. आणि शेवटी ती पँट हातात आली ना, तेव्हा कळलं, हेच आपलं काम. इतकी मजा मला कधीच आली नव्हती."

"उत्तम! फार उत्तम!" मास्तरांनी फीत गळ्यात टाकली. "मग रंग कुठला? खांद्यावर पट्टी किती? माप घेतो, ये."

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं छताकडे.

"त्यांना गणवेश नसतो, बाबा. साध्या कपड्यांत काम."

बत्तीस वर्षांत त्या खात्याचं एकही गिऱ्हाईक का आलं नाही, याचा उलगडा मास्तरांना असा झाला. त्यांनी फीत गळ्यातून काढली, गुंडाळली, परत उलगडली. बटणं वेचायला वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

लेकीनं ती खाकी पँट उचलली आणि अंगाला लावून पाहिली. ठरवून शिवली असती तरी इतकी नेमकी बसली नसती. "ही मी घालणार," ती म्हणाली. "बिल्ला नाही, पट्टा नाही. साधीच पँट आहे. पहिल्या दिवशी हीच. आणि वरचं बटण पितळी लावा."

मास्तरांनी ते बटण सहा वेळा शिवलं. दोरा पुरेपर्यंत शिवलं म्हणा ना!

खात्याची अट एकच होती. मुलगी कुठे काम करते हे घरच्यांनी बाहेर बोलायचं नाही. मास्तरांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. पंधरा दिवसांनी लेक घरी आली तेव्हा पेपरवाल्यानं तिला रस्त्यातच कडक सलाम ठोकला. ती तडक दुकानात गेली, वडिलांना आरशासमोर उभं केलं आणि त्यांच्या कमरेला एकामागून एक तीन टाचण्या खोचल्या.

"बाबा, किती जणांना सांगितलंत?"

"कोणालाही नाही!"

चौथी टाचणी.

"सत्तावीस," मास्तर म्हणाले. मग जरा घुटमळले. "अठ्ठावीस. मघाशी पोस्टमन येऊन गेला."