सकाळी टीव्ही बंद, बाबा चालू

मी हात वर केला नाही. एवढंच. म्हणजे मी काही केलं असं नाहीच, जे करायचं ते केलं नाही, आणि त्यातून पुढचं सगळं रामायण घडलं.

त्याचं असं झालं, शनिवारी थोरलीच्या शाळेत पालकसभा होती. एरवी सभेला ही जाते. ही रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरीला आहे आणि त्या दिवशी तिची जादा ड्यूटी लागली, म्हणून नाइलाजाने मला पाठवण्यात आलं. ("नुसतं बसायचं. काही बोलायचं नाही," अशी सूचना दारापर्यंत येऊन दोनदा देण्यात आली.) मी चौथीच्या मुलांच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसलो होतो आणि भिंतीवरच्या तक्त्यात पाळीव प्राणी किती, जंगली किती ते मोजत होतो. तेवढ्यात वर्गाच्या बाईंचा आवाज आला.

"कोणाकोणाच्या घरी..."

पुढचं मी ऐकलंच नाही. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात कारकून आहे. बावीस वर्षांत मी जे काही शिकलो त्याचा अर्क असा, की 'कोणाकोणाला', 'कोणाकोणाच्या' असं काही कानावर आलं की हात मांडीखाली दाबून धरायचे आणि फायलीत डोकं घालायचं. आमच्याकडे एकदा साहेबांनी "कोणाकोणाला कॉम्प्युटर येतो?" असं विचारलं होतं. एका उत्साही माणसाने हात वर केला. गेली नऊ वर्षं तो बिचारा याद्या टाइप करतोय. तेव्हा मी हात मांडीखाली घातले आणि मान खाली घालून बसलो.

वर पाहिलं तर सगळ्या वर्गाचे हात वर. एकट्या माझे खाली. आणि बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की बावीस वर्षांत माझ्याकडे तसं कोणीही बघितलेलं नाही. (यात घरचेही आले.)

"बघा!" बाई म्हणाल्या. "शाळेच्या सकाळी मुलं टीव्ही बघतात का, या प्रश्नाला सगळ्यांचे हात वर आहेत. फक्त या एका घरात टीव्ही बंद! आणि किती संकोचाने बसलेत ते. कुठे मिरवणं नाही, काही नाही."

"अहो बाई, तसं नाही..." मी उठायचा प्रयत्न केला, पण बाकात अडकलेले गुडघे निघेनात.

"हाच तो विनय!" बाई म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी तुम्ही सगळ्या पालकांसमोर दहा मिनिटं बोलायचं. हे कसं जमवलंत ते सांगायचं."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या घरी रोज सकाळी सव्वासहा ते सात टीव्ही चालू असतो. त्यावर एका कासवाचं कार्टून लागतं. हे कासव आगीच्या बंबावर नोकरीला आहे. ते पोचेपर्यंत आग विझलेली असते, आणि तरीही त्याचा रोज सत्कार होतो. इतकं वास्तववादी चित्रण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

घरी जाऊन हिला सगळं सांगावं आणि बाईंना एक माफीची चिठ्ठी लिहून द्यावी, असं मी वाटेत ठरवलं होतं. पण सोमवारी, पालकसभेनंतर पहिल्यांदा शाळेत जाऊन आलेली थोरली दारातूनच ओरडत आत आली.

"बाबा! बाईंनी तुमच्यासाठी आख्ख्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या! मला उभं केलं आणि सगळे माझ्याकडे बघत होते!"

तिचा चेहरा नुसता फुलला होता. खरं सांगतो, मला गहिवरून आलं. या मुलीला माझ्यामुळे आजवर फार तर उशीर झाला होता, टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. त्या क्षणी मी चिठ्ठी रद्द केली. शनिवारी खोटं बोलून या पोरीला तोंडघशी पाडायचं नव्हतं. मग उपाय एकच. मंगळवार ते शुक्रवार सकाळी टीव्ही बंद ठेवायचा आणि शनिवारी ताठ मानेने खरं बोलायचं.

मी रिमोटमधले सेल काढून शर्टाच्या खिशात टाकले आणि टीव्हीवर एक कागद चिकटवला. 'शाळेच्या सकाळी टीव्ही पाहण्यास मनाई. आदेश तात्काळ लागू.' खाली जावक क्रमांक घातला. (सवय.)

हिने कागद वाचला आणि माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "नक्की जमेल ना?"

"पोरींना त्रास होणार," मी म्हणालो. "पहिले दोन दिवस चिडचिड करतील, कावऱ्याबावऱ्या होतील. सवय लागलेली आहे त्यांना. पण आपण खंबीर राहायचं."

"मी पोरींचं नाही विचारत," असं काहीतरी ती पुटपुटली, पण तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

मंगळवारी सव्वासहाला मी सोफ्यावर बसलो आणि लगेच उठलो. समोर काळा पडदा. बसून करणार काय? म्हटलं, टीव्हीने आपला जो वेळ खाल्ला तो आता पोरींना द्यावा. सात-दहाला त्यांची बस, सात-पाचला हिला निघायचं. मी कामाला लागलो.

"बाबा, ते राहू दे," पहिलीतली धाकटी म्हणाली.

"का राहू दे? मी भरतो तुझं दप्तर."

"ते ताईचं दप्तर आहे."

मी धाकटीची चित्रकलेची वही थोरलीच्या दप्तरातून काढायला गेलो, तर ती थोरलीचीच निघाली. मग मी डबे भरायला घेतले. हिने डब्यांची झाकणं ज्या क्रमाने लावून ठेवली होती त्याला काही अर्थ असेल अशी मला कल्पना नव्हती. मग वेणी. ही धाकटीची वेणी घालत होती, म्हणून थोरलीची मी घालायला घेतली. दोन वेण्या घालायच्या होत्या. माझी एक झाली, पण ती बरोबर कानावर आली.

"अहो, तुम्ही जरा बसता का?" ही तोंडात पिन धरून म्हणाली.

"आता बसायचे दिवस गेले!" मी म्हणालो आणि हिचा लॅबचा पांढरा कोट इस्त्री करायला घेतला.

त्या दिवशी बस चुकली. मी दोघींना शाळेत सोडलं आणि हिला तिच्या आयुष्यातला पहिला लेट मार्क मिळाला. कोटाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी ठसा घेऊन ती गेली. मी वहीत नोंद केली, 'दिवस पहिला. टीव्ही नसल्यामुळे मुली सैरभैर. घराची घडी पूर्ण विस्कटली.'

बुधवारी प्रकार वाढला. मी लवकर उठून सगळ्यांचे बूट पॉलिश करून दाराशी ओळीने मांडले, आणि धाकटी दोन्ही पायांत डावे बूट घालून शाळेत गेली. हिला अंघोळीला जायची वेळ नेमकी तीच असते, तेव्हा मी गीझर का गळतो ते बघायला बाथरूमची कडी आतून लावून घेतली होती. बाहेरून दार वाजत होतं. मी आतून ओरडून सांगत होतो, "धीर धरा! सवय मोडायला वेळ लागतो!"

मग थोरलीचा आवाज आला, "आई, आपण शेजारच्यांकडे जाऊन आवरू या का?"

त्या संध्याकाळी ही माझ्याजवळ येऊन बसली. आवाज अगदी मऊ. "अहो, सेल देता का? सकाळी पंधरा मिनिटं लावू. आवाज बंद ठेवून."

"मोह तुलाही होतो ना?" मी हसून म्हणालो. "पण नाही. थोरलीसाठी हे करायचं आहे."

"तिच्यासाठीच मागतेय," ही म्हणाली. मी खिशावर हात ठेवला.

गुरुवारचं फारसं सांगण्यासारखं नाही. (थोरलीची निबंधाची वही मला रद्दीत सापडली. ती तिथे मीच टाकली होती, हे नंतर निष्पन्न झालं.) निबंध त्याच दिवशी तपासायला द्यायचा होता. थोरली नुसती वही पुसत राहिली. मला फार अपराध्यासारखं वाटलं. कसली ही टीव्हीची सवय, कोवळ्या पोरी किती सोसताहेत, असं मनात आलं.

आणि शुक्रवारी चमत्कार झाला. मी उठलो तर सोफ्यासमोरच्या टेबलावर एका टोपलीत मटार, शेजारी एक रिकामं पातेलं आणि चहाचा कप. ही म्हणाली, "तेवढे सोलून देता? तुमच्यासारखे दुसऱ्या कोणाला जमत नाहीत."

हे मात्र खरं आहे. मी बसलो. एक शेंग, दोन शेंगा. कुठे पाच दाणे, कुठे नऊ. एका शेंगेत अकरा निघाले, तेव्हा मी ओरडून सगळ्यांना सांगितलं. "वा!" असं आतून एका सुरात उत्तर आलं. टोपली रिकामी झाली तेव्हा घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि घरात कोणीच नव्हतं. बस मिळाली होती, डबे गेले होते, वेण्या, बूट, कोट, सगळं जिथल्या तिथे. माझे डोळे भरून आले. अवघ्या चार दिवसांत सवय मोडली! वहीत मी 'यशस्वी' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

शनिवारी शाळेचं सभागृह भरलं होतं. ही पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर धाकटी. मी स्टेजवर उभा राहिलो आणि काय बोललो म्हणता! पहिल्या दिवशीचा हलकल्लोळ, दुसऱ्या दिवशीची बेशिस्त, मुलींच्या मनाची उलघाल, आणि चौथ्या दिवशी उगवलेली ती शांत, सुंदर सकाळ. "आधीपासून टीव्ही बंद होता असं मी म्हणणार नाही," मी सांगून टाकलं. "पण आजपासून आमच्या मुली मुक्त आहेत!" टाळ्या पडल्या. एका आजोबांनी तर उभं राहून वाजवल्या.

बाई खूश होत्या. त्यांनी थोरलीला स्टेजवर बोलावून माइक तिच्या हातात दिला. "आता तू सांग बाळ. तुला टीव्हीची आठवण आली का?"

थोरलीने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. पोरगी खोटं बोलत नाही. (तेवढं वळण आम्ही लावलंय.)

"बाई, आम्ही सकाळी टीव्ही बघतच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे या आठवड्यात ना?"

"कधीच नाही. आम्ही तिकडे पाठ करून बसतो, आई वेण्या घालते. टीव्ही बाबांसाठी असतो. बाबा एका जागी बसले की आमचं आवरतं."

सभागृहात कोणीतरी खोकलं.

"या आठवड्यात बाबा बसले नाहीत," थोरली समजुतीच्या सुरात पुढे म्हणाली. "ते मदत करत होते. म्हणून उशीर झाला. काल आईने मटार दिले. मटारनेही होतं."

मग जो हशा उसळला, तो सांगत नाही. ते उभे राहिलेले आजोबा हसता हसता खाली बसले. मी स्टेजवर उभा होतो आणि चार दिवसांची ती वही माझ्या डोळ्यांपुढून उलटी जात होती. दप्तर, झाकणं, इस्त्री, गीझर, निबंध. एका पानावरही पोरींचा काही दोष नव्हता. म्हणजे गंमत बघा, त्या दिवशी मी हात वर केला नाही ते बरोबरच होतं, आमच्या घरी मुलं टीव्ही बघत नव्हतीच.

खाली उतरलो तेव्हा हिच्याभोवती सात-आठ आयांचा घोळका होता.

"किती लागतात हो मटार?"

"पाऊण किलो," ही सांगत होती. "दाणे मोजायला सांगितले तर अर्ध्या किलोत भागतं."

एकीने पर्समधून पेन काढून ते हातावर लिहून घेतलं.

मी भिंतीकडे तोंड करून त्या तक्त्यासारखं काही मिळतं का ते शोधत होतो. तेवढ्यात थोरलीने येऊन माझं बोट धरलं. "बाबा, रागावलात?"

"नाही गं. पण तू बाईंसमोर मला... तुला लाज नाही ना वाटली माझी?"

"छे! माझ्या मैत्रिणी म्हणतात, तुझे बाबा मस्त आहेत. त्यांचे बाबा तर मटारनेही बसत नाहीत." तिने ते इतक्या अभिमानाने सांगितलं की माझा जीव भांड्यात पडला.

सोमवारी संध्याकाळी शाळेच्या डायरीत सूचना आली. थोरलीने ती मोठ्याने वाचून दाखवली. "शाळेच्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांनी टीव्ही पाहू नये. घरातील मोठ्या मंडळींच्या बाबतीत आईने परिस्थिती बघून निर्णय घ्यावा. सूचना वाचल्याबद्दल खाली पालकांची सही आणावी."

मी मोठ्या मनाने पेनचं टोपण काढलं. आवक-जावकमध्ये माझी सही बघण्यासारखी आहे. "आण इकडे, मी करतो."

थोरलीने डायरी छातीशी धरली, क्षणभर माझ्याकडे फार मायेने बघितलं आणि स्वयंपाकघराकडे वळली.

"नको बाबा," ती म्हणाली. "पालकांची पाहिजे."