टोकन क्रमांक नऊ, रंग जांभळा

जेद्दाहून मकास्सरला निघालेल्या विमानात हज करून परतणारे तीनशे ब्याण्णव यात्रेकरू होते आणि स्वच्छतागृहे आठ होती. यात्रेकरूंपैकी दोनशे दहा बायका होत्या. आमच्याकडच्या बुगिस जमातीच्या बायका हजहून परतताना साध्या कपड्यांत विमानातून उतरत नाहीत. टिकल्यांचा झगा, डोक्यावर मण्यांची टोपी आणि मनगटापासून कोपरापर्यंत सोने एवढे अंगावर चढल्याशिवाय पाय जमिनीला लावायचा नसतो. आणि हे सगळे चढवायला दार बंद होणारी जागा विमानात एकच असते.

तुकडीप्रमुख मुस्तारी साहेब जिल्हा कचेरीत सव्वीस वर्षे काढलेले गृहस्थ होते. गोंधळ होऊ नये म्हणून त्यांनी जेद्दालाच गणित मांडले होते. एक स्वच्छतागृह पुरुषांना, सात बायकांना, प्रत्येकीला बारा मिनिटे, एकूण सहा तास. त्यानुसार उड्डाणाच्या चौथ्या तासापासून 'पोशाख-परिवर्तन कार्यक्रम' सुरू झाला. दारागणिक टोकने वाटली गेली, नोंदवही उघडली गेली. विमान कंपनीच्या मुलींनी एकदा त्या वहीकडे पाहिले आणि त्या चहाच्या किटल्यांमागे निघून गेल्या.

या सगळ्या वेळात बारू गावच्या मासेबाजारातली रबियांग मावशी झोपली होती. बावीस वर्षे हजच्या यादीत थांबून तिचा नंबर लागला होता. ज्या पांढऱ्या कपड्यांत काबागृहासमोर रडले, त्याच कपड्यांत घरी उतरायचे, असे तिने मनाशी ठरवले होते. तिच्याजवळ दुसरे काही नव्हतेही. विमानतळावर तपासणीवाल्याने तिची मक्केतल्या झमझम विहिरीच्या पवित्र पाण्याची बाटली अडवली आणि कचऱ्याच्या पिंपाकडे बोट दाखवले. ते पाणी पिंपात ओतायला तिचा हात धजेना. तिने तिथेच उभ्या उभ्या लिटरभर पाणी पिऊन टाकले. बाटलीला बंदी होती, पोटाला नव्हती.

पाचव्या तासाला तिला जाग आली ती याच कारणाने.

ती रांगेशी गेली. "पोरींनो, मला जरा पुढे जाऊ द्या गं. दोन मिनिटांचं काम आहे."

"मावशी, सगळ्या असंच म्हणतात," पुढची म्हणाली, "आणि आत गेल्या की भुवया कोरत बसतात."

मग ती मुस्तारी साहेबांकडे गेली. साहेबांनी चष्मा लावला.

"रंग?"

"कसला रंग?"

"कपड्यांचा."

"साहेब, मला नुसतं आत जायचंय."

"आत कशाला?"

मावशीने पदर तोंडाशी धरला. "ज्या कामाला ती खोली केलीय ना, त्या कामाला."

साहेबांनी वहीची चार पाने उलटली. रंग, दागिने, मदतनिसाचे नाव, टोपीचा आकार असे रकाने होते. या कामाचा रकाना नव्हता. "मावशी, वैयक्तिक कारणासाठीचा अर्ज उड्डाणापूर्वी द्यायचा होता."

"तेव्हा लागली नव्हती हो!"

"हा खुलासा नियमात बसत नाही. आजारी यात्रेकरूंना मात्र सवलत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आणा."

"डॉक्टरीणबाई कुठे आहेत?"

"तीन नंबरमध्ये. टोपी बसत नाहीये त्यांची. चाळीस मिनिटं झाली."

"मग मागचं ते पुरुषांचं तरी उघडून द्या!"

"पुरुषांच्या रांगेत बाई?" साहेब दुखावले. "आत्ताच हज करून आलोय आपण मावशी!"

मावशी कशीबशी जागेवर येऊन बसली आणि लगेच उठून उभी राहिली, कारण बसणे आता परवडणारे नव्हते. शेजारी सेंगकांगची तेनरी बसली होती, रेशमी कापडाच्या दुकानाची मालकीण. तिने तीन झगे आणले होते. एक विमानाच्या जिन्यासाठी, एक स्वागताच्या मंडपासाठी आणि एक घराच्या उंबऱ्यासाठी. मावशीची अवस्था तिने ओळखली.

"मावशी, खरं सांगून इथे कुणी आत सोडणार नाही. हा उंबऱ्याचा घ्या आणि सांगा, नटायचंय."

"मी असलं घालू? या वयात?"

"घालू नका. भिजवा मग विमान."

मावशी झगा काखेत मारून परत वहीसमोर उभी राहिली. "साहेब, नटायचंय."

"रंग?"

"जांभळा."

साहेब ताडकन उठले. "जांभळा! अहो, मग आधी नाही का बोलायचं? जिन्यावरच्या फोटोत रंगांच्या रांगा लावल्यात, जांभळ्या रांगेत एकसुद्धा बाई मिळत नव्हती मला! नऊ नंबरवाली मागे सरा. मावशींना आत सोडा!"

आत गेल्यावर पहिल्या दोन मिनिटांत काय झाले ते सांगण्याचे कारण नाही. मावशीने डोळे मिटून देवाचे जे आभार मानले, तेवढे मनापासून हजच्या चाळीस दिवसांत मानले नव्हते, आणि तसे वाटल्याबद्दल लगेच क्षमाही मागितली. बाहेर पडण्यासाठी कडीला हात घातला, तर दारापलीकडून साहेबांचा आवाज आला. "पोशाख न बदलता बाहेर येणाऱ्यांचं टोकन रद्द होईल आणि नाव अहवालात जाईल!" उरलेली दहा मिनिटे मावशी जांभळ्या टिकल्यांशी झुंजली. तेनरी बाहेरून सूचना देत होती. "डोकं वरून घाला! अहो, ती बाही आहे!"

मकास्सरला विमानाचा जिना लागला तेव्हा जांभळ्या रांगेत मावशी एकटीच, म्हणून सगळ्यांच्या पुढे होती. ऊन टिकल्यांवर पडले आणि खालची गर्दी एका सुरात "आहा" म्हणाली. मावशीची लेक फुलांचा हार घेऊन तिच्या अंगावरून पुढे गेली आणि पांढऱ्या कपड्यांतल्या एका म्हाताऱ्या हाजीच्या मागे आई शोधू लागली.

तेवढ्यात वार्ताहराने मावशीला गाठले. "हाजीणबाई, या प्रवासातला सगळ्यात मोठा क्षण कोणता?"

खोटे बोलायचे नाही, असे मावशी ठरवून आली होती. "दार उघडलं तो," ती म्हणाली. "किती वेळ थांबले होते! एकदम हलकं वाटलं बघा."

वार्ताहराच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर जांभळी मावशी झळकली, आणि खाली मथळा, 'दार उघडले, भार उतरला'. मुस्तारी साहेबांना उत्तम नियोजनाबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले.

आठवड्याने मावशी पुन्हा बाजारात आपल्या जागी बसली, पांढरा पदर, पुढ्यात मासळीची पाटी. मकास्सरहून आलेल्या एक बाई गाडीतून उतरल्या. हातात वर्तमानपत्राची घडी होती.

"आजी, या हाजीणबाई इथेच राहतात ना कुठेतरी? मला त्यांचे आशीर्वाद हवेत. लेकीचं जमत नाहीये कुठे."

मावशीने फोटो पाहिला. "मीच ती. या, बसा." तिने ओला हात पुसून पुढे केला.

बाईंनी फोटोकडे पाहिले, मग हाताकडे, आणि हसल्या. "काय आजी, थट्टा करता! जरा ती पाटी सरकवा, कपड्यांना लागेल."

मावशीने पाटी सरकवली. बाई घर विचारत पुढे गेल्या. वाईट नव्हत्या त्या. शिकलेल्या, देवाधर्माच्या आणि ढोंगाची मनापासून चीड असलेल्या, अगदी तुमच्या-माझ्यासारख्याच होत्या.